साखळीला खोबरेल

हितेश : ...वर्षातून दोनदा लागणार, काका. फार तर तीनदा. त्याच्यासाठी झाडं कापायचं भारीतलं मशीन आणून काय त्याची पूजा करायची? हे बघा. साडेपाच हजार, घरपोच.

बळीराम : फोन जरा लांब धर. नवीन डोळा आहे, जवळचं अजून नीट लागत नाही. हां. नारिंगी आहे होय?

हितेश : ऑरेंज नाहीतर ब्लॅक, दोन्ही येतात. बावीस इंची पट्टी. लोकांनी चार स्टार दिलेत.

बळीराम : बावीस इंच कशाला? आपल्याला चिकूच्या फांद्या तोडायच्या, वाळलेली माडाची खोडं आडवी करायची. बारा इंच पुष्कळ झाली.

हितेश : असू दे ना मोठी. कधी मोठं झाड काढायची वेळ आली तर?

बळीराम : मोठं झाड आता कुठलं राहिलंय? एक फणस होता, तो गेल्या गुरुवारी गेला.

हंसा : अवो, सकाळी सकाळी तो विषय नका काढू. डोळ्यातनं पानी येता कामा नये, डॉक्टरांनी सांगितलंय ना?

बळीराम : पाणी नाही काढत, हंसा. हितेशने विचारलं म्हणून बोलतोय.

हितेश : म्हणूनच मी म्हणतो काका, आपलं मशीन आपल्या घरात पाहिजे. वादळानंतर तुम्ही आणि शेजारचे आलोशियस अंकल मिळून जे घेतलंत, ते त्यांच्या पडवीत. त्याच मशीनने त्यांनी आपला फणस पाडला. आता फांदी तोडायची झाली की त्यांच्याच दारात जाणार का, द्या हो मशीन म्हणून?

बळीराम : कुठल्या तोंडाने जाऊ? रविवारी बेकरीसमोर चाळीस माणसांत त्याला नाही नाही ते बोललो.

हितेश : बरोबर बोललात. गरजच होती. आणि हे पण आत्ताच उरकून टाकू. अर्ज टाइप करून आणलाय. खाली फक्त सही करायची.

बळीराम : कसला अर्ज?

हितेश : काल नाही का महापालिकेचा तो माणूस येऊन बुंधा मोजून गेला? कोणीतरी फोटो पाठवलाय. परवानगी नसताना झाड तोडलं, असं आहे ते. वाडी तुमच्या नावावर, म्हणजे नोटीस तुम्हाला. त्याच्या आधी आपण लिहून दिलं, की शेजाऱ्याने तोडलं, तर आपण मोकळे. अकरा वाजता द्यायचाय.

बळीराम : वाच बघू.

हितेश : 'मी डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी आचोळे येथे पुतण्याकडे मुक्कामास असताना, माझ्या वाडीच्या बांधावरील फणसाचे जुने झाड शेजारी श्री. आलोशियस तुस्कानो यांनी मला न विचारता, स्वतःकडील यंत्राने तोडले आहे. तरी त्यांच्यावर कायदेशीर कारवाई व्हावी.'

बळीराम : 'स्वतःकडील' बरोबर आहे. 'स्वतःच्या' लिहिलं असतंस तर चुकलं असतं. अर्धं माझं आहे.

हितेश : काका, तुम्ही पण ना. ऑफिसात कोण मराठीचा पेपर तपासणारे?

बळीराम : ठेव तिथे टेबलावर. अकराला अजून दीड तास आहे. तू मशीनचं विचारलंस, आधी ते नीट बघू. कारखान्यात शिकाऊ पोरांना पस्तीस वर्षं मशीन शिकवलं. घरच्या पोराला घाईघाईत काहीतरी सांगून कसं चालेल?

हंसा : आधी औषद घालायचं. वेळ झाली. मान मागं करा. आनि पाच मिन्टं डोळे उघडायचे नाय.

(हंसा बळीरामच्या डोळ्यात थेंब घालते. पुढचं काही वेळ तो आरामखुर्चीत डोळे मिटूनच बोलतो.)

बळीराम : हं. हितेश, बस. स्टूल ओढून घे. सांग मला, वर्षातून दोनदाच वापरायचंय म्हणून स्वस्तातलं चालेल, असं तुला का वाटतं?

हितेश : सिम्पल आहे. कमी वापर म्हणजे कमी झीज. भारी मशीन रोज वापरणाऱ्यांना. आपल्याला काय करायचंय?

बळीराम : तसं वाटतं खरं. माझी शिकाऊ पोरंसुद्धा हेच उत्तर द्यायची. आता उलटं बघू. मशीन कशाने बिघडतं? वापरल्याने की पडून राहिल्याने?

हितेश : दोन्हीने.

बळीराम : आपल्या विहिरीवरचा पंप आठव. पावसाळ्यात चार महिने बंद असायचा. दिवाळीनंतर सुरू करायला गेलं की?

हितेश : अडायचा. तुम्ही मला धरून बसवायचात, पाना दे, फडकं दे. मला क्रिकेटला जायचं असायचं.

बळीराम : आणि तू तोंड फुगवून पाना द्यायचास. तर ह्याचंही तसंच. आत पेट्रोल राहतं. सहा महिन्यांत त्याचा चिकट थर बसतो आणि बारीक छिद्रं बुजतात. चांगल्या मशीनचं उघडून साफ करता येतं, सुटा भाग मिळतो. ह्या नारिंगीचा एखादा भाग गेला तर तो विरारला मिळेल? नालासोपाऱ्याला?

हितेश : ऑनलाइन मिळतो.

बळीराम : नाव काय त्या मशीनचं?

हितेश : नाव... दर खेपेला वेगळं असतं. मशीन तेच.

बळीराम : मग भाग कुठल्या नावाने मागवशील?

हंसा : तरी बरं, दुकानात गेलास तर नुसतं म्हनशील, भाऊ, ते नारिंगीवालं द्या.

हितेश : काकी, तू नको ना मध्ये. काका, मग तुमच्या मते घेऊच नये का?

बळीराम : तसं मी म्हटलं नाही. ज्याला स्वतः उघडता येतं, साफ करता येतं, साखळीला कानस मारता येते, त्याने स्वस्तातलं घेतलं तरी चालवील तो. ज्याला ह्यातलं काही येत नाही आणि वर्षातून दोनच दिवस लागणार आहे, त्याने दिवसाच्या बोलीवर मशीनवाला माणूस बोलवावा. नाहीतर दोन घरांनी मिळून एक चांगलं घ्यावं. माझं इतकंच म्हणणं. तुला काय काय येतं ते बघू. पेट्रोल नुसतं घालतात का?

हितेश : नाही. त्यात टू-टी ऑइल मिक्स. लिटरला चाळीस मिली.

बळीराम : वा. आणि सुरू करताना?

हितेश : चोक ओढायचा, दोरी मारायची. थंड असेल तर पंधरा-वीस वेळा मारावी लागते, खांद्याचा पार पिट्टा पडतो. मग जरा फुटफुटलं की चोक आत. नाहीतर पेट्रोल जास्त जातं, मग प्लग काढून पुसत बसा.

बळीराम : पुष्कळ वाचलंयस.

हितेश : रिव्ह्यूज असतात ना. लोक डिटेलमध्ये लिहितात.

बळीराम : चांगलं आहे. वाचून घेतलेलं बरं. आता साखळी. ती पट्टीवरून फिरते, तिला सारखं तेल मिळालं पाहिजे, नाहीतर घासून तापते. त्याची वेगळी छोटी टाकी असते. दुकानात तिचं दाट तेल मिळतं. पण मी म्हणतो, वर्षातून दोनदा लागणाऱ्या गोष्टीला ते विकत कशाला आणायचं? आपल्या माडांचं खोबरेल घरात आहे. ते ओतायचं टाकीत. एकदम बेस.

हितेश : नाही हो काका, खोबरेल नाही चालत. आत्ता जानेवारीत तर अजिबात नाही. रात्री भरून ठेवलं की पहाटे टाकीत मेण झालेलं असतं त्याचं. ते भोक जाम होतं, साखळी कोरडी फिरते, नुसता धूर.

बळीराम : असं?

हितेश : मग! काडीने उकरून काढत बसावं लागतं.

बळीराम : हंसा, झाली का ग पाच मिनिटं?

हंसा : ...झाली.

बळीराम : उघडतो मग. हितेश, हे काडीने उकरायचं कोणी लिहिलंय?

हितेश : लिहिलं म्हणजे... व्हिडिओ होता एक.

बळीराम : कुठला माणूस होता?

हितेश : केरळचा. ते लोक सगळ्याला खोबरेलच वापरतात ना.

बळीराम : केरळात खोबरेल गोठतं? थंडीने?

हितेश : काका, मला काय माहीत. बघितला व्हिडिओ, विसरलो. तुम्ही पोलिसासारखं काय विचारताय?

बळीराम : पोलिसासारखं नाही रे. कारखान्यात एक सवय होती मला. पोराने मशीनला खरंच हात लावलाय की नुसतं पुस्तक वाचलंय, ते कळायला मी मुद्दाम एक गोष्ट चुकीची सांगायचो. ज्याने पुस्तक वाचलेलं असायचं तो मान डोलवायचा. ज्याचे हात काळे झालेले असायचे तो म्हणायचा, नाही सर, तसं होत नाही.

हितेश : म्हणजे तुम्ही मला...

बळीराम : आज सकाळी पहिल्यांदा बांधापर्यंत गेलो. काळा चष्मा लावून, हळूहळू. कालपर्यंत मला तिथे कोणी जाऊच देत नव्हतं. धूळ आहे, चिखल आहे, पाय घसरेल. हंसा, तूच म्हणत होतीस ना?

हंसा : डोळ्यासाठीच म्हनत होते.

बळीराम : बुंध्यापाशी बसलो. आलोशियस दर महिन्याला साखळीला कानस मारतो. त्याने कापलेल्या लाकडाच्या ढलप्या पडतात, चांगल्या नखाएवढ्या. इथे खाली पिठासारखा भुसा होता. बोथट साखळीचा असतो तसा. आणि बुंधा एका बाजूने काळा, भाजल्यासारखा. तरी मी मनाला म्हटलं, घाईत असेल आलोशियस, साखळी बदलायची राहिली असेल. मग मुंग्या दिसल्या.

हितेश : मुंग्या काय, फणस आहे, चीक गळतो, मुंग्या येणारच.

बळीराम : चिकावर नव्हत्या. मुळाशी वाळक्या पानांवर पांढरे गोळे उडाले होते, एवढे एवढे, वाटाण्याएवढे. त्यांच्यावर होत्या. एक उचलून बोटांत धरला. उबेने विरघळला. वास घेतला. आपल्याच घरचं. हंसा तेल काढताना त्यात दोन लवंगा टाकते, दुसरं कोणी टाकत नाही.

हितेश : काका, ऐका—

बळीराम : दाराच्या बिजागरीला, कुलपाला, पंपाच्या दांड्याला, सगळ्याला घरचं खोबरेल लाव, हे तुला कोणी शिकवलं? मीच. सात वर्षांचा होतास. वाटीत पिसाचा तुकडा बुडवून सगळ्या घरभर फिरायचास. म्हणून तर मी सकाळपासून विचार करतोय, की साखळीत खोबरेल ओतायची बुद्धी ह्या अख्ख्या पट्ट्यात आणखी कोणाला होईल.

हितेश : ठीक आहे. हो. मी तोडला. बास?

बळीराम : मशीन कुठे आहे?

हितेश : आचोळ्याला. फ्लॅटच्या गॅलरीत.

बळीराम : मग आज मला फोनवर चित्र कशाला दाखवत होतास?

हितेश : घेतलेलं उघडपणे इथे आणता यावं म्हणून. तुम्ही घे म्हणाला असतात, तर आठ दिवसांनी आणून ठेवलं असतं. बाकीची पण कामं आहेत ना वाडीत.

बळीराम : म्हणजे मी सल्ला द्यायचा, तो सुद्धा तू आधीच वापरून झालेला.

हितेश : काका, मी तीन वेळा विचारलं होतं तुम्हाला! बांधावरचं तेवढं एक झाड काढू दे, गाडी आत येईल, मागच्या मोकळ्या जागेत लॉन करू, लग्नं-वाढदिवस होतील. आजूबाजूच्या किती वाड्यांत चालू आहे. तिन्ही वेळा तुम्ही काय म्हणालात? 'मी आहे तोवर नाही.' म्हणजे मी कशाची वाट बघायची, सांगा ना? आचोळ्याला त्या एका खोलीत माझी पोरगी खुशी पलंगाखाली बसून अभ्यास करते. झाड उभं राहावं म्हणून माणसं लांब ठेवलीत तुम्ही.

बळीराम : हे असं, ह्या शब्दांत, तू मला कधी बोलला नाहीस.

हितेश : बोललो असतो तर काय तोडू दिलं असतंत?

बळीराम : माहीत नाही. भांडलो असतो. चार दिवस जेवलो नसतो. पण तू माझ्यासमोर मशीन घेऊन उभा राहिला असतास, तर कोण जाणे, मीच सांगितलं असतं खाच कुठल्या बाजूने मार म्हणून. भाजलंस रे त्याला. नीट कापलंही नाहीस.

हंसा : जाऊ दे ना आता. झालं ते झालं. पोरगं आहे आपलं. भावजी गेल्यावर ह्याच घरात वाढलं.

बळीराम : हंसा, तू घरी होतीस. मी आचोळ्याला आणि तू इथे. गाय आहे, पानवेलीला पाणी द्यायचंय, मी नाय येत म्हणालीस. त्या मशीनचा आवाज बोळिंजच्या नाक्यापर्यंत जातो. शुक्रवारी मी आल्यावर तू मला म्हणालीस, मी दूध घालायला गेले होते, आले तर झाड पडलेलं.

हंसा : आता काय सांगू तुमाला?

बळीराम : किती वेळ चालला आवाज?

हंसा : दोन तास. मधीच बंद पडायचं, पुन्ना चालू, पुन्ना बंद. स्वस्तातलं ना.

बळीराम : तू काय करत होतीस?

हंसा : पयलं देवाजवळ बसले. मग भाईर आले. तो घामाने भिजलेला, तेल गोठलंय म्हनाला. मग...

बळीराम : मग?

हंसा : बाटली चुलीच्या कडेला ठेवली नि पातळ करून दिली.

हितेश : काकी, तुला कोणी विचारलं होतं का एवढं?

हंसा : नवरा विचारतोय माझा! किती दिस गिळून बसू? रोज त्यांच्या डोळ्यात थेंब घालते, नि ते तोंड वर करून पोरासारखे बसतात.

बळीराम : का दिलंस, हंसा?

हंसा : तो म्हनाला, लॉन झालं की वरती दोन खोल्या काढतो नि ऋतिकाला-खुशीला घेऊन हितंच येतो ऱ्हायला. आपल्याला दुसरं कोन आहे? खुशी शनवारी येते, रयवारी जाते. तिची चादर मी आठवडाभर धूत नाय. मला वाटलं, एक झाड गेलं नि पोर घरात आलं तर मी कुनाचं काय वाईट केलं?

बळीराम : आणि मी?

हंसा : तुमी चार दिस रागवाल नि गप ऱ्हाल, असं वाटलं. आलोशियस भाऊचं नाव निघेल हे मला नव्हतं ठाऊक. आईशप्पत नव्हतं.

बळीराम : ऋतिकाला ठाऊक होतं?

हितेश : तिला मध्ये घेऊ नका.

बळीराम : बुधवारी संध्याकाळी मी निघालो होतो. पिशवी भरलेली होती. ती म्हणाली, काका, दोन दिवस थांबा, खुशीचा तेराचा पाढा राहिलाय, तुमच्याशिवाय कोणाकडे म्हणत नाही. मला किती बरं वाटलं. पट्टी बांधलेल्या डोळ्याने बसून रात्री तिच्याकडून पाढा करून घेतला. सकाळी पुन्हा म्हणून घेतला. तेव्हाच इथे चाललं होतं तुमचं.

हितेश : ...पाढा खरंच राहिला होता, काका.

बळीराम : हो. तेरा सत्ते तिथे अडते ती.

हितेश : सॉरी. मी... सॉरी काका. मला पण नको होतं असं. तुम्ही शुक्रवारी आलात, बांधाकडे बघून एकदम खालीच बसलात. मी घाबरलो. तुम्ही विचारलंत, कोणी? आणि माझ्या तोंडातून गेलं, मशीन तर आलोशियस अंकलकडेच असतं. एवढंच म्हणालो मी. पुढचं तुम्हीच जोडलंत. त्यांच्या कौलांवर पानं पडायची, ते दोनदा बोललेही होते, हे सगळं तुम्हीच म्हणालात.

बळीराम : जोडलं. माझीच चूक. पन्नास वर्षं ज्याच्याबरोबर एका बांधावर काढली, त्याच्याबद्दल मी एका वाक्यात जोडलं. पण रविवारी?

हितेश : रविवारी काय?

बळीराम : मला रस्ता दिसत नव्हता. एक डोळा बांधलेला, दुसऱ्याला आधीपासून धुकं. चर्चमधली मिस्सा सुटायची वेळ झाली, लोक बेकरीपाशी पावाला थांबले होते. तिथपर्यंत माझा हात धरून मला कोणी नेलं?

हितेश : ...मी.

बळीराम : वाटेत म्हणालासुद्धा, काका, खड्डा आहे, जपून. तुला ठाऊक होतं मी काय बोलायला चाललोय. पन्नास पावलं होती, हितेश. कुठल्याही पावलाला थांबवता आलं असतं.

हितेश : तेव्हा नाही जमलं.

बळीराम : झाडाचं मला वाईट वाटतंय, ते वाटत राहील. आजोबांनी लावलेलं. पहिला फणस त्यांच्या देवळात, दुसरा आपल्या देवळात, अशी दोन घरांची रीत होती. तिसऱ्यापासून मग ज्याच्या बाजूला लागेल त्याचा. ते सगळं गेलं, तरी झाड आहे, म्हातारं झालंच होतं. पण तू माझा हात धरून नेलंस.

हंसा : अवो, मी काय म्हनते, अर्ज फाडून टाका. कुनाचंच नाव नको. नोटीस आली की बघू.

बळीराम : फाडून कसं चालेल? झाड तोडलं हे खरं आहे. हितेश, तो कागद घे. मागच्या कोऱ्या बाजूला लिही. तारीख घाल. 'माझ्या वाडीतील फणसाचे झाड...'

हितेश : काका.

बळीराम : '...माझ्या गैरहजेरीत, माझा पुतण्या हितेश याने...'

हितेश : तुम्ही माझं नाव देणार? ऑफिसात? मला दंड होईल, केस होईल. माझी नोकरी आहे!

बळीराम : आलोशियसची पण पेन्शन आहे. त्याचं नाव टाइप करताना तुला हा विचार आला होता?

हितेश : ते परके आहेत!

हंसा : हितेश, तसं नको बोलू. त्यानी तुला बघितलं होतं.

बळीराम : कोणी बघितलं होतं?

हंसा : आलोशियस भाऊनी. गुरवारी आवाज ऐकून बांधावर आले. त्यांची बायको प्रिस्का पन होती. हितेशच्या हातात मशीन, झाड अर्धं कापलेलं. भाऊ काय ओरडले नाय. नुसते म्हनाले, 'थांब, बळीला येऊ दे.' हितेशनी ऐकलं नाय.

बळीराम : म्हणजे रविवारी त्याला माहीत होतं.

हंसा : होतं ना.

बळीराम : मी त्याला म्हणालो, माझ्या आजाच्या झाडाचे गरे खाऊन मोठा झालास आणि त्याच्यावरच मशीन चालवलंस. म्हणालो, तुझ्या पोरांना पाढे शिकवले ते फुकट गेले. शर्ली उभी होती तिथे, त्याची मुलगी. तिच्यादेखत म्हणालो. हितेश माझ्या शेजारी उभा. आलोशियसने फक्त हात वर करायचा आणि ह्याच्याकडे बोट दाखवायचं. एवढंच करायचं होतं.

हितेश : मला वाटलं होतं ते दाखवतील. मी पळायच्याच तयारीत होतो.

बळीराम : तो काय म्हणाला, आठवतं?

हितेश : ...हो.

बळीराम : सांग काकीला. ती नव्हती.

हितेश : म्हणाले, 'बळी, घरी जा. डोळ्याला ऊन लागेल.'

हंसा : देवा.

बळीराम : मला वाटलं, उत्तर नाही म्हणून विषय बदलतोय. घरी येऊन हेच मी तुम्हा दोघांना सांगितलं. तुम्ही दोघं ऐकत बसलात. तू मला पिठलं वाढलंस, हंसा.

हंसा : मारा मला. पन असं सावकाश नका बोलू.

बळीराम : मला दुसरं बोलता येत नाही. हितेश, लिहिलंस?

हितेश : नाही लिहिणार. मला नाही जमणार, काका. तुम्हाला काय करायचं ते करा. मी निघतो.

बळीराम : थांब. पेन इथे ठेवून जा. मी लिहीन. अक्षर वाकडं येईल, पण वाचता येईल.

हितेश : खुशीला काय सांगू? ती शनिवारी यायचं म्हणतेय.

बळीराम : खुशीला येऊ दे. तिचं काही नाही ह्यात. मशीन मात्र गॅलरीतून काढ. पोर खेळते तिथे, आणि टाकीत पेट्रोल असेल. आधी ते रिकामं कर, प्लग काढून ठेव.

हितेश : ...काढतो.

हंसा : हितेश! अरे, चा तरी... गेला. चप्पल पन नीट नाय घातली. अवो, तुमी कुठं उठलात? शर्ट कशाला?

बळीराम : चष्मा दे तो काळा. आणि काठी.

हंसा : तिकडं निघालात? मी येते संगती. मी पन सांगायला पायजे त्यांना. प्रिस्काच्या तोंडाकडे बघवत नाय मला पाच दिस.

बळीराम : तू नंतर ये. तुझं तू सांग. आज माझं मला सांगू दे.

हंसा : एकटे कसे जाल? बांधाकडनं नका जाऊ, फांद्या पडल्यात अजून. रस्त्यानी जा. नि रिकाम्या हातानी नका जाऊ, थांबा, वेलची केळ्यांची फणी देते बांधून.

बळीराम : नको. केळी दिली तर घ्यावी लागतील त्याला. आज काही घ्यायला नको लावूया त्याला.

हंसा : दार लावलं असलं तर?

बळीराम : आलोशियसचं दार दिवसा कधी लावलेलं नसतं. मी उंबऱ्याबाहेर उभा राहीन. 'ये' म्हणतो का, तेवढं बघायचं.